चर्चच्या पडवीतले पुस्तकघर आणि आमचे बाइंडर काका

आदरणीय काका,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

गेल्या महिन्यात तुम्ही आपला पुस्तके दाबायचा शिकंजा, दाभण आणि दोऱ्याची डबी माझ्या स्वाधीन केलीत आणि मुलाकडे पुण्याला राहायला गेलात. त्या रविवारी उपासना सुटल्यावर तुमचे आभार मानण्यासाठी मी उभी राहिले खरी, पण दोन वाक्यांपुढे मला बोलता आले नाही. जे तेव्हा राहून गेले ते आता या पत्रात लिहीत आहे. पत्र सर्वांसमोर ठेवण्याचे कारण असे की, आपल्या नगर जिल्ह्यात आणि बाहेरही अनेक चर्चमध्ये कुणीतरी एखादे कपाट, एखादे टेबल पुस्तकविक्रीसाठी सांभाळत असते, आणि आमच्या पुस्तकघरासाठी तुम्ही जे केलेत ते त्यांना कळले तर त्यांच्याही उपयोगी पडेल.

व्हेस्ट्रीशेजारच्या, म्हणजे पाळकसाहेबांच्या तयारीच्या खोलीला लागून असलेल्या, आठ बाय दहाच्या खोलीत आम्ही पुस्तकघर सुरू केले, तेव्हा मी शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते. पुस्तके मला आवडतात, मंडळीला पुस्तकांची गरज आहे, एवढ्या दोन गोष्टींवर दुकान चालेल असे मला मनापासून वाटत होते. ही सेवा आहे, मग तिचा हिशोब तो काय ठेवायचा, अशी माझी समजूत होती. कुणी ‘पुढच्या रविवारी देतो’ म्हणाले की मी पुस्तक देत असे आणि नाव एका वहीच्या मागच्या पानावर लिहीत असे. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस पुरवठादारांचे छत्तीस हजार रुपये देणे झाले होते. एका मुद्रकाने दिनदर्शिकांचे गठ्ठे नाताळ उलटून गेल्यावर पाठवले, आणि जुन्या होत चाललेल्या दिनदर्शिका पुढे कुणी घेतल्या नाहीत, हा त्या वर्षीचा आणखी एक घाव. चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीत पुस्तकघर बंद करण्याचा विषय निघाला होता आणि त्याला विरोध करण्याइतके बळ माझ्यातही उरले नव्हते.

तुम्ही त्या दिवसांत आलात ते मदत करायला म्हणून नव्हे. तुम्हाला मोठ्या टाइपातले ‘उपासना संगीत’, म्हणजे आपले गीतांचे पुस्तक, हवे होते. मी खालच्या फळीवरून प्रत काढून तुमच्या हातात दिली, तुम्ही ती उघडण्याआधी उलटी करून पाठीवर बोट फिरवलेत आणि मला विचारलेत, “बाई, ही फळी भिंतीला टेकलेली आहे का?” कपाट पुढे ओढल्यावर मागच्या भिंतीवर वाळवीची मातकट रेघ छतापर्यंत गेलेली दिसली. त्या दुपारी तुम्ही जेवायला घरी गेला नाहीत. आपण दोघांनी आणि तरुण संघाच्या तीन मुलांनी मिळून एकूण एक पुस्तक पडवीत उन्हाला मांडले. तुम्ही प्रत्येक पुस्तक हातात घेऊन, पाने फरफर सोडून, तीन ढीग केलेत: विकता येईल असे, बांधून विकता येईल असे, आणि रद्दीत जाईल असे. तिसऱ्या ढिगात एकेचाळीस पुस्तके गेली. पुस्तकघरात नेमकी किती पुस्तके आहेत हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले, कारण तोपर्यंत ती मोजलीच नव्हती.

कपाटे भिंतीपासून चार बोटे पुढे आणि विटांवर ठेवली गेली ती तेव्हापासून. पण खरी दुरुस्ती वहीची होती. तुम्ही नगरच्या एका छापखान्यात चाळीस वर्षे बांधणी केली होती. हिशोबनीस नव्हतात, तरी छापखान्यात माल कसा येतो, चलन कशाला म्हणतात, परत माल किती दिवसांत पाठवावा लागतो, हे सगळे तुम्ही पाहिलेले होते. तुम्ही मला तीन वह्या करायला लावल्यात. एकीत रोजची विक्री, दुसरीत पुरवठादारांचे येणे-देणे, तिसरीत प्रत्येक पुस्तकाची आवक आणि शिल्लक. पुस्तकघराचा पैसा अर्पणाच्या पेटीत कधीही जाणार नाही आणि अर्पणाचा पैसा पुस्तकघरात येणार नाही, हे तुम्ही पाळकसाहेबांकडून लेखी घेतलेत. उधारीबद्दल तुम्ही मला जे म्हणालात ते मी अजून विसरले नाही: “आपण उधार दिलेले पुस्तक आपले नसते, बाई. ज्याने पाठवले त्याचे पैसे अजून आपल्याकडे थकलेले असतात.” छत्तीस हजारांचे देणे फिटायला एकवीस महिने लागले.

हे देणे एवढ्या सावकाश का फिटले, हे बाहेरच्या वाचकाला कदाचित समजणार नाही. बायबल सोसायटी बायबलची किंमत मुद्दाम खर्चाहून कमी ठेवते, म्हणजे गरिबालाही ते घेता यावे. साहजिकच विकणाऱ्याच्या हाती त्यातून फार थोडे उरते, आणि आमच्याकडे सर्वांत जास्त खप बायबलचाच. दुकानाचा खर्च भागतो तो दिनदर्शिका, नाताळची भेटकार्डे आणि लहान मुलांची चित्रमय पुस्तके यांवर. म्हणून दिनदर्शिकांची मागणी ऑगस्टमध्येच नोंदवायची आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात माल आला नाही तर मागणी रद्द, असे पत्रात आधीच लिहायचे, ही तुमची शिकवण आमच्या फार कामी आली.

आता त्या वार्षिक सभेबद्दल लिहिते, कारण तिच्याबद्दल मंडळीबाहेर कुणाला ठाऊक नाही. आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी मत्तयाच्या शुभवर्तमानातला एकविसावा अध्याय वाचून दाखवला. प्रभूने मंदिरातल्या सराफांचे चौरंग आणि कबुतरे विकणाऱ्यांच्या बैठका पालथ्या केल्या, मग आपण प्रभूच्या घरात गल्ला कसा मांडतो, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता आणि मी त्यावर गप्प बसले होते. तुम्ही उठलात, आणि त्यांना खोडून न काढता म्हणालात की हा प्रश्न दरवर्षी विचारला गेला पाहिजे. मग तुम्ही सांगितलेत की, तिथे भाविकाला उपासनेसाठी आधी पैसे बदलून घ्यावे लागत, कबुतर विकत घ्यावे लागे. तेव्हा आपण एवढेच पाहू की आपल्या चर्चमध्ये उपासनेला बसण्यासाठी कुणालाही काहीही विकत घ्यावे लागणार नाही. त्याच सभेत आजचे नियम ठरले. पहिल्या घंटेपासून आशीर्वाद होईपर्यंत पुस्तकघराचे दार बंद. विक्रीचे दार उपासनागृहात न उघडता पडवीत उघडायचे. प्रत्येक बाकावर ‘उपासना संगीता’च्या दोन प्रती मंडळीच्या मालकीच्या. छापील किमतीवर एक रुपयाही जास्त नाही. आणि कोपऱ्यातल्या बाकावर बसून कुणीही कोणतेही पुस्तक विकत न घेता वाचावे. ते ज्येष्ठ सभासद पुढे दोन वर्षे, जाईपर्यंत, दर रविवारी त्याच बाकावर बसून वाचत असत.

ग्राहकाला प्रश्न विचारायलाही तुम्हीच शिकवलेत. एका परिचारिका भगिनींनी आईसाठी बायबल नेले आणि पुढच्या आठवड्यात त्या दुखावलेल्या मनाने परत आल्या. आई कॅथलिक, आणि तिला हवे असलेले टोबीतचे पुस्तक त्यात नव्हते. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तके आणि कॅथलिक बायबलमध्ये ७३, हे मला माहीत होते, पण विकताना विचारायचे सुचले नाही. तुम्ही त्यांचे पैसे तेव्हाच परत केलेत आणि आठ दिवसांत योग्य प्रत मागवून घरी नेऊन दिलीत. तेव्हापासून बायबल मागणाऱ्याला आम्ही आधी विचारतो की वाचणार कोण, डोळे कसे आहेत, आणि कोणत्या चर्चला जाता. कुणी पंडिता रमाबाईंचे भाषांतर मागितले की तुम्ही हातातले काम बाजूला ठेवून बोलू लागायचात. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत केलेले ते काम, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये स्त्रियांनीच जुळवलेले त्याचे छपाईचे खिळे, १९२२ मध्ये रमाबाई गेल्यानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेला तो ग्रंथ. हे सगळे तुम्ही कामगाराच्या नजरेने सांगायचात. एवढ्या पानांची जुळणी त्या काळी करणाऱ्या बायांच्या बोटांबद्दल तुम्हाला वाटणारा आदर मी इतर कुणाच्या तोंडून ऐकला नाही.

आणि बांधणी. तुम्ही रविवारी दुपारी पडवीत चटई टाकून बसू लागलात, आणि आसपासच्या गावांतून लोक पिशव्यांत, फडक्यांत गुंडाळून आपापली जुनी पुस्तके आणू लागले. मी तुमच्या शेजारी बसून पाहिले आहे: आधी जुनी खळ ओल्या फडक्याने मऊ करून सोडवायची, मग जुज, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, एकेक सुटे करायचे, फाटलेल्या घडीला आतून पातळ कागदाची पट्टी लावायची, आरीने भोके पाडून मेण ओढलेल्या दोऱ्याने जुजबंदी शिवण घालायची, आणि रात्रभर शिकंजात दाबून ठेवायचे. ‘उपासना संगीता’ची प्रत हातात आली की ती कोणत्या पानावर आपोआप उघडते हे तुम्ही आधी पाहायचात. एखाद्या घरात नाताळची गाणी झिजलेली असत, एखाद्या घरात अंत्यविधीची. त्या पानांना तुम्ही न सांगता जास्तीचा आधार द्यायचात.

पारनेरकडच्या एका कुटुंबाचे बायबल मला कायम आठवेल. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानांवर तीन पिढ्यांचे जन्म, बाप्तिस्मे, लग्ने आणि मृत्यू वेगवेगळ्या हस्ताक्षरांत लिहिलेले होते, आणि मध्येच एक ओळ होती: “१९७२. दुष्काळ. बाबा खडीच्या कामावर.” पान इतके कुरतडलेले होते की घरचेच म्हणाले, ते काढून टाका आणि नवीन कागद लावा. तुम्ही ऐकले नाहीत. ते पान तुम्ही दोन रविवार लावून पातळ पारदर्शक कागदावर चिकटवलेत, आणि त्याच्या पुढे चार कोरी पाने शिवून दिलीत, पुढच्या नोंदींसाठी. मजुरी विचारल्यावर तुम्ही दोऱ्याचे आणि पुठ्ठ्याचे पैसे सांगितलेत. त्या कुटुंबाने त्या दिवशी तीन बायबले विकत घेतली, तिन्ही नातवंडांसाठी, आणि त्यांतही कोरी पाने शिवून मागितली. मंडळीच्या बाहेरचे लोक पुस्तकघराकडे वळले ते तुमच्या या चटईमुळे.

त्यांत ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ आहेत, हे मला आनंदाने नोंदवायचे आहे. आपले नगर हे ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ मध्ये जिथे सुरू झाले ते शहर. कवी रेव्हरंड टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई इथे राहिले, वावरले. मराठी विषय घेतलेली महाविद्यालयातली मुले लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ शोधत येतात आणि दारातच थबकतात. चर्चमध्ये आपण चालतो का, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर असतो. तुम्ही चटईवरूनच त्यांना “या, चपला तिथेच राहू द्या, आत या” म्हणायचात. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत निघालेले ते आत्मचरित्र त्यांच्या हातात देताना, शाळेत न गेलेल्या बाईचे हे मराठी आहे, सावकाश वाचा, एवढेच तुम्ही सांगायचात. कुणाला धर्माबद्दल काही समजावण्याचा प्रयत्न तुम्ही केलेला मी पाहिला नाही. कुणी विचारले तर मात्र अर्धा तास बसून उत्तर दिलेत.

आज पुस्तकघरावर कुणाचे देणे नाही. सहाशे बारा पुस्तके शिल्लक आहेत, आणि हा आकडा मी वहीत पाहून लिहीत आहे. उधारीच्या वहीचे मागचे पान कोरे आहे. तरुण संघातली दोन मुले आता आळीपाळीने माझ्याबरोबर बसतात. त्यांतल्या एकीला जुजबंदी येऊ लागली आहे, तिचे टाके अजून सैल पडतात, पण ती स्वतःहून उसवून पुन्हा घालते. तुमची चटई तिथेच, खांबाजवळ अंथरतो. काकूंनाही माझा सलाम सांगा. इतकी वर्षे रविवारचे तुमचे ताट झाकून ठेवून त्या वाट पाहत राहिल्या, त्यांचेही आम्ही ऋणी आहोत.

तुम्ही जाताना शिकंजात एक बायबल ठेवून गेला होतात, ते मी परवा काढले. शिवण पक्की बसली आहे. पुठ्ठा आम्ही कापला आहे, अस्तराचा कागद लावायचा राहिला आहे. खळ घरी शिजवली, पण कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद किती घालायचे याचा अंदाज येत नाही, आणि ज्यांचे बायबल आहे त्या आजी रविवारी येणार आहेत. शनिवारी संध्याकाळी फोन करते. जवळ कागद-पेन्सिल घेऊन बसेन.

आपली कृतज्ञ,
पुस्तकघर सांभाळणारी बाई