काकू, तबक आईच्या हातात दिलंत

ती. काकूंना सा. न.

खालच्याच मजल्यावर राहता, जिना उतरून आलो असतो तरी झालं असतं. पण समोर उभा राहिलो की घसा दाटून येतो. शिवाय हे चार लोकांनी वाचावं असंही वाटतंय.

परवा मला ३८ पूर्ण झाली. बाबा असते तर सकाळीच पंचांग उघडून बसले असते. ते वाढदिवस तिथीने धरायचे, आई तारखेने. १९ वर्षांनी दोन्ही जवळजवळ एकाच दिवशी येतात, याचं त्यांना भारी कौतुक. मागच्या खेपेला मी कॉलेजात होतो आणि आईनेच ओवाळलं होतं.

बाबा गेल्यानंतरच्या पहिल्याच वाढदिवसाला नातेवाईक जमले होते. आई निरांजन लावून आली, तेवढ्यात त्यांतली एक म्हणाली, "तू नको गं, दुसऱ्या कुणाला तरी ओवाळू दे." आई तबक ठेवून आत गेली. कुणी तिला हाक मारली नाही. मीही नाही. ते अजून खुपतं. पुढे दरवर्षी माझ्या ओवाळणीच्या वेळी ती स्वयंपाकघरात काही ना काही काम काढायची. आपल्याच शिरोळ तालुक्यात, हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारने इतर गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. याच नातेवाइकांनी ती बातमी अभिमानाने एकमेकांना पाठवली होती. आमच्या घरात मात्र तबक काही आईकडे आलं नाही.

परवा आम्ही घरचेच होतो. शेवयांची खीर, पुऱ्या, बटाट्याची भाजी. तुम्ही वडीलधाऱ्या, म्हणून हिने तबक तुमच्याकडे दिलं. तुम्ही बोटातली अंगठी काढून सुपारीशेजारी ठेवलीत आणि सरळ स्वयंपाकघराच्या दारात गेलात. आईचे हात कणकेचे. ती मागे सरली. तुम्ही पदराने तिचे हात पुसलेत, तबक दिलंत, आणि तिच्या हातांची थरथर थांबेपर्यंत खालून आपला तळवा तसाच धरून ठेवलात. "पोरगं तुमचं आहे वहिनी, मी काय ओवाळू?" एवढंच बोललात. मग ज्योत फडफडायला नको म्हणून पंखा बंद केलात.

तो तळवा मी विसरणार नाही, काकू. ना भाषण, ना कुणाला टोमणा. अशी माणसं शेजारी असणं हे केवढं मोठं भाग्य असतं! आईने कुंकू लावताना अंगठा माझ्या कपाळावर जरा जास्तच वेळ टेकवला होता. आमच्या चिमुरडीला त्यात काही वेगळं वाटलंच नाही. आजी ओवाळते, ती खिरीची वाट बघत बसली. तिला हे असंच माहीत असू दे.

लाडवांचा तुमचा डबा अजून आमच्याकडेच आहे. रिकामा कसा द्यायचा म्हणून आईने थांबवलाय. आज करंज्यांचं सारण भाजतेय, संध्याकाळी ती स्वतः घेऊन येईल.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा