एकटीला मिळणारा फ्लॅट

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर बाबा बोलले ते मनाला लावून घेऊ नकोस. त्या रात्री ते धड जेवलेही नाहीत. "तिला एकटीला मिळतोय ना फ्लॅट, मग घ्यायचा," हेच धरून बसलेत. तुझ्या मैत्रिणीचं आडनाव ऐकून मालक नाही म्हणाला आणि तूही डिपॉझिट परत घेतलंस, हे काकूला सांगताना माझा ऊर भरून आला होता. पण तुम्ही दोघी सध्या झोपता कुठे?

दिवाळीत तू ठेवून गेलेल्या बाबासाहेबांच्या आठवणी वाचल्या. 1913 मध्ये सयाजीरावांनी शिष्यवृत्ती देऊन त्यांना न्यूयॉर्कला पाठवलं, आणि 1917 मध्ये ते इथे नोकरीला आले तर आपल्या बडोद्यात राहायला जागा मिळेना! पारशी नाव घेऊन पारशांच्या धर्मशाळेत राहिले, तर अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं दारात. मग दोन मित्रांकडे गेले. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायको उद्या येतेय, तिला विचारावं लागेल.

मला काठीवाल्यांपेक्षा हे दोघे जास्त छळतात गं. शिकलेले, चांगले मित्र, पण नकार द्यायला दुसऱ्याचं नाव पुढे केलं. तुझा मालकही 'सोसायटी ऐकत नाही' म्हणालाच ना? आणि आपले बाबा 'लोक काय म्हणतील' म्हणतात.

रात्रीच्या गाडीपर्यंत बाबासाहेब कमाटीबागेत बसून होते. त्याच बागेतल्या छोट्या आगगाडीत तू कुणाच्याही मुलीला खिडकीची जागा द्यायचीस आणि आजी रागवायची. तेव्हापासून तू अशीच.

आता नवीन जागा बघाल तेव्हा दोघींची नावं आधीच सांगा. करार नोंदवून घ्या, पैसे रोख देऊ नका, मालकाशी वाद घालू नकोस, अंधार पडल्यावर जागा बघायला जाऊ नका... राहू दे. उपदेश करायचा नाही असं ठरवून बसले होते, माफ कर. पण ऑफिसातल्या त्या मुलीकडे असाल, तर तिथे किती दिवस काढणार? तिच्या घरमालकाने विचारलं तर?

शनिवारी दोघी इकडे या. माडीवरच्या खोलीत गाद्या उन्हं देऊन ठेवल्यात. मैत्रिणीला आपली शेवभाजी तिखट लागेल का, तेवढं विचार. बाबांना विचारून कळवते, असं मी लिहिणार नाही. या.

आणि आज रात्री कुठे आहात, ते कळव.

तुझी,
आई