पास झाली त्याच दिवशी तासांचा कागद द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी आपल्या पुरवणीत परदेशात परिचारिकांना किती मागणी आहे यावर पान भरून मजकूर आला होता. पगाराचे आकडे होते, विमानतळावर हात हलवणाऱ्या मुलींचा फोटो होता. कागदपत्रांबद्दल मात्र एकच वाक्य : ‘संबंधित देशात नोंदणी करून घ्यावी लागते.’ त्या एका वाक्यात माझ्या भाचीची अडीच वर्षं गेली. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण तासांचा, म्हणजे मुलगी वर्गात आणि वॉर्डात किती तास शिकली त्या कागदाचा भाग कापू नका.

मी शासकीय रुग्णालयातून परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर म्हणून २०२३ मध्ये निवृत्त झाले. नाशिकला इंदिरानगरात राहते. पेन्शन सुरू झाली आणि गुडघेदुखी व भाचीची फाइल अशा दोन गोष्टी एकदमच मागे लागल्या. आता भाचीच्या मैत्रिणी, मैत्रिणींच्या नणंदा अशा मिळून सात-आठ मुलींच्या फायली माझ्या जेवणाच्या टेबलावरून गेल्यात. आम्ही दोघं ताटं घेऊन टीव्हीसमोर बसतो.

पुष्कळांना वाटतं, इथे नर्स म्हणून नोंदणीचा नंबर मिळाला म्हणजे झालं. रेशनकार्डावरचं नाव एका गावातून दुसऱ्या गावात नेतात, तशी ही नोंदणी नेता येत नाही. प्रत्येक देशाची नर्सिंग परिषद वेगळी, तऱ्हा वेगळी. इंग्लंडला आधी संगणकावरची परीक्षा, त्यात औषधांची गणितं आणि नर्सिंगचे प्रश्न असे दोन भाग, आणि मग तिकडे गेल्यावर दहा स्टेशनांची ओस्की, म्हणजे एकेका ठिकाणी काम करून दाखवायची प्रात्यक्षिक परीक्षा. दुबई-सौदीला डेटाफ्लो नावाची कंपनी तुमचं एकेक प्रमाणपत्र ज्याने दिलं त्यालाच विचारून खात्री करते, शिवाय प्रोमेट्रिक कंपनीची संगणकावरची परीक्षा. अमेरिकेला एनक्लेक्स नावाची परीक्षा. जर्मनीला जायचं तर बी-टू पातळीपर्यंत जर्मन शिकायचं, आणि तिथलं कार्यालय तुमचं शिक्षण त्यांच्या शिक्षणाशी ताडून काय काय कमी आहे त्याची यादी हातात ठेवतं. ती कमतरता कोर्स करून किंवा परीक्षा देऊन भरायची. आपल्याकडे जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका झालेली मुलगी आरएन आणि आरएम, म्हणजे नोंदणीकृत नर्स आणि सुईण दोन्ही असते. तिकडे सुईणीचं रजिस्टरच वेगळं. माझ्या भाचीने शंभरावर बाळंतपणं केली असतील, पण आयर्लंडच्या दृष्टीने ती फक्त जनरल नर्स.

तिने आयर्लंड निवडलं, कारण तिची रूममेट तिथे आहे. दुसरं काही शास्त्र नव्हतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईला जाऊन तिने ओईटी दिली. नर्स-डॉक्टरांसाठी असलेली ही इंग्रजीची परीक्षा. लेखनाच्या पेपरात पेशंटची माहिती देतात आणि त्यावरून पुढच्या डॉक्टरला किंवा नर्सला पत्र लिहायला सांगतात. पोरीने पहिल्याच फटक्यात चारही विषयांत बी श्रेणी आणली. आम्ही पेढे वाटले. कागद हातात नसताना परीक्षा दिली, तिथेच चूक झाली, कारण ओईटीचा निकाल दोनच वर्षं चालतो.

आता तासांचा भाग. आयर्लंडची नर्सिंग परिषद म्हणजे एनएमबीआय. तिला तुमच्या मार्कलिस्टमध्ये फारसा रस नसतो. शरीररचनेचे वर्गात किती तास झाले, मेडिकल वॉर्डात किती, सर्जिकलला किती, बालरुग्ण, प्रसूती, मानसिक आरोग्य, सामाजिक आरोग्य, प्रत्येकाचे शिकवणीचे तास वेगळे आणि वॉर्डातले वेगळे, हे सगळं शाळेने भरून, सहीशिक्क्यानिशी, थेट परिषदेकडे पाठवायचं. मुलीच्या हातात दिलेला कागद चालत नाही. त्यामागे कारण आहे. युरोपच्या २००५ सालच्या नियमानुसार जनरल नर्सचं शिक्षण किमान ४,६०० तासांचं लागतं. त्यात निदान एक तृतीयांश थिअरी आणि निदान निम्मे तास प्रत्यक्ष रुग्णांजवळ. बाहेरून आलेल्या मुलीला ते याच मापाने मोजतात. मला यात त्यांचं काही चुकलेलं दिसत नाही. माझ्या वॉर्डात कुणी नवीन सिस्टर आली की मीही पहिलं हेच विचारायची, बाई, तुझी पोस्टिंग कुठे कुठे झाली?

भाची ज्या संस्थेतून २०१३ ते २०१७ शिकली, तिचं नाव लिहीत नाही. कारण शेवटी कळेल. तेव्हा कोर्स साडेतीन वर्षांचा होता. मार्च २०२२ मध्ये तिने तासांच्या कागदासाठी संस्थेत अर्ज दिला. क्लार्क म्हणाले, “मार्कलिस्ट दिलीय ना, त्यात सगळं आलं.” तिने एनएमबीआयचा फॉर्म पुढे केला, तर प्राचार्यबाई नवीन, त्यांनी असा फॉर्म कधी पाहिलेला नव्हता. पुढच्या वेळी प्राचार्यच बदललेल्या. तिच्या बॅचचं हजेरी रजिस्टर आणि रोटेशन प्लॅन, म्हणजे कोण कधी कुठल्या वॉर्डात त्याचा तक्ता, एका लोखंडी कपाटात, कपाटाची किल्ली निवृत्त झालेल्या लेखनिकाकडे, आणि ते निफाडला मुलाकडे राहायला गेलेले. मी स्वतः बसने जाऊन किल्ली आणली. अंगणात द्राक्षाच्या क्रेट रचत होते बिचारे, “ताई, मला वाटलं कपाट केव्हाच भंगारात गेलं असेल,” म्हणाले.

कपाट उघडलं तर नवीनच गोष्ट कळली. मानसिक आरोग्याची पोस्टिंग मुलींनी ठाण्याला जाऊन केली होती, महिनाभर हॉस्टेलला राहून. त्याची रजिस्टरात ओळही नाही. २०१५ च्या सिंहस्थात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये याच मुली प्रथमोपचार केंद्रावर दिवसरात्र उभ्या होत्या. पायाला फोड आलेले यात्रेकरू, चक्कर आलेल्या म्हाताऱ्या, हरवलेली आणि रडून ताप चढलेली मुलं. भाचीचे तळपाय तेव्हा असे सुजले होते की चपलेचा पट्टा लागत नव्हता. सामाजिक आरोग्याचं याहून चांगलं प्रात्यक्षिक कुठलं? पण लॉगबुकात नाही, म्हणजे झालंच नाही. आम्ही नर्सा विद्यार्थिनींना हेच तर बजावत असतो, लिहिलं नाही ते केलं नाही. संस्थेलाही कुणीतरी बजावायला हवं होतं.

मग ठाण्याहून पत्र मिळवा, मग बेरीज करा, मग सही, मग शिक्का. शिक्का इतका पुसट की संस्थेचं नाव वाचता येईना. पुन्हा नवा. या सगळ्याला संस्थेने वेगळे दहा हजार घेतले, पावती दिली नाही. कागद डब्लिनला पोचला तोवर ऑक्टोबर २०२४ उजाडला होता. ओईटीचा निकाल फेब्रुवारीतच शिळा झालेला. पुन्हा परीक्षा, पुन्हा तीस हजारांवर फी, आणि यावेळी दीड वर्षाचं पोर घरी ठेवून अभ्यास.

नावाची गंमत वेगळीच. दहावीच्या प्रमाणपत्रावर आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं नाव. जीएनएमला आधी स्वतःचं. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंद माहेरच्या नावाने, आणि पासपोर्ट लग्नानंतर काढलेला, त्यावर नवऱ्याचं नाव नि सासरचं आडनाव. त्यातून वडील ज्ञानेश्वर. हा ‘ज्ञ’ इंग्रजीत कसा लिहायचा यावर शाळेतल्या मास्तरांचं एक मत, नर्सिंगच्या क्लार्कचं दुसरं. दहावीला डी-एन-वाय, जीएनएमला जी-वाय, आधारला नुसताच डी-वाय. आळंदीत माउलींना याचा काही त्रास झाला नसावा, डब्लिनच्या बाईंना झाला. या तिन्ही नावांची मुलगी एकच आहे का, अशी मेल आली. लग्नाचा दाखला होता, त्याने आडनावाचं भागलं. स्पेलिंगसाठी सीबीएस बसस्थानकासमोर कोर्टाच्या आवारात नोटरीकडे प्रतिज्ञापत्र केलं. तिथे टायपिस्टने चौथंच स्पेलिंग टाकलं. मी चष्मा लावून उभी होते म्हणून वाचलो.

एजंटाचंही सांगते, पण थोडक्यात, कारण त्याची कथा सगळीकडे सारखीच असते. कॉलेज रोडवरच्या एका कार्यालयात भाचीकडे दीड लाख मागितले, वर मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतो म्हणाले. मूळ प्रमाणपत्रं कुणाकडेही ठेवू नका. परदेशी नोकरी लावून देणाऱ्याला केंद्र सरकारचा परवाना लागतो, तो ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. आणि परवानाधारकालाही उमेदवाराकडून तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. हे वाक्य त्या कार्यालयात मी मोठ्याने म्हटलं, तर साहेबांना एकदम फोन आला आणि ते बाहेर गेले.

शेवटी एनएमबीआयचं निर्णयपत्र आलं. मुली त्याला डिसिजन लेटर म्हणतात. त्यात दोन वाटा असतात : तिथल्या रुग्णालयात किमान सहा आठवडे देखरेखीखाली काम करून दाखवायचं, नाहीतर डब्लिनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये लेखी परीक्षा आणि ओस्की द्यायची. तिने परीक्षेची वाट निवडली. महिनाभर माझ्या घरी सराव चालला. लोडाला आमच्या मिस्टरांचा जुना शर्ट चढवला, मनगटावर नावाची कागदी पट्टी बांधली. आत यायचं, हात धुवायचे, आपलं नाव सांगायचं, पेशंटला नाव आणि जन्मतारीख विचारायची, पट्टीशी ताडायची, काय करणार ते समजावायचं, परवानगी घ्यायची, मग नाडीला बोटं लावायची, आणि सगळा वेळ तोंडाने बोलत राहायचं. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. आमच्या वॉर्डात खाटा चाळीस, पेशंट साठ, रात्रपाळीला सिस्टर दोन. परवानगी कुणाची आणि कधी घेणार? “बाबा, हात इकडे करा,” म्हणायचं आणि सुई टोचायची. चार दिवसांनी मात्र मीच घड्याळ घेऊन बसायला लागले. एकदा ती पट्टी न बघताच ‘औषध’ द्यायला गेली, मी म्हटलं, “नापास. शेजारच्या लोडाचं औषध दिलंस.” आणि मग मला माझ्या नोकरीतली एक रात्र आठवली, सारख्या नावाचे दोन पेशंट आणि वेळेवर हटकणारी आयाबाई. ती गोष्ट मी तेव्हा मेट्रनलाही सांगितली नव्हती.

माझ्या १९८६ च्या बॅचला कोट्टयमची एक मुलगी होती. निकाल लागला तशी आम्ही सगळ्या सिनेमाला पळालो, आणि ही क्लार्ककडे जाऊन बसली. तासांचा तक्ता टाइप करून, तीन प्रतींवर सह्या घेऊन, लिफाफे सीलबंद करूनच उठली. आम्ही तिची किती चेष्टा केली! पुढच्याच वर्षी ती कुवेतला गेली. तिच्या घरात मोठ्या बहिणीने सांगून ठेवलं होतं. केरळात १९९६ पासून परदेशी गेलेल्यांसाठी सरकारचं नॉर्का नावाचं वेगळं खातं आहे, पण खरं खातं म्हणजे त्या मोठ्या बहिणी. आपल्याकडे अजून तेवढ्या बहिणी तयार झालेल्या नाहीत.

म्हणून मागणी एवढीच. मुलगी पास झाली त्याच दिवशी मार्कलिस्टबरोबर तासांचा तक्ता तिला मिळावा आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत परीक्षा घेणाऱ्या मंडळाकडे किंवा विद्यापीठाकडे जमा व्हावी, म्हणजे उद्या संस्था बंद पडली, प्राचार्य बदलल्या, किल्ली निफाडला गेली तरी कुणाचं अडणार नाही. बाहेरगावची पोस्टिंग आणि सिंहस्थासारखी कामं त्यात चढावीत. पुढचा सिंहस्थ २०२७ चा, तेव्हा पुन्हा मुलींना उभं करणारच आहात. आणि प्रवेशाच्या वेळी नाव दहावीच्या स्पेलिंगप्रमाणेच घ्यावं, क्लार्कच्या कानाप्रमाणे नव्हे. १९९८ मध्ये स्थापन झालेलं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे. बी.एस्सी. नर्सिंगच्या मुलींपासून तरी सुरुवात तिथे होऊ शकते. पण जीएनएमच्या मुलींची परीक्षा मंडळाची आणि नोंदी संस्थेच्या, त्यांचा कुणी वाली नाही, त्यांचं आधी बघावं असं मला वाटतं.

भाची गेल्या महिन्यात डब्लिनला पोचली. परीक्षा व्हायची आहे. माझं आणि संस्थेचं नाव कृपया छापू नये. तिच्या दोन मैत्रिणींचे फॉर्म अजून त्याच कपाटाशी आहेत.

आपली,
एक निवृत्त परिसेविका,
इंदिरानगर, नाशिक