झुलीवरची सही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी अंकांच्या परंपरेवर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी काढलेल्या ‘मनोरंजन’च्या अंकापासून आजपर्यंतचा सगळा पट त्यात आहे. संपादक आहेत, कथाकार आहेत, जाहिरातदारांचं रडगाणंही आहे. हास्यचित्रकारांच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आलं, तेही कंसात. म्हटलं, आपणच लिहावं.

दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहून मी बावीस वर्षं हास्यचित्रं आणि अर्कचित्रं (चेहऱ्याची खूण वाढवून काढलेली गमतीदार चित्रं) काढतो. सोबत साडेतीन एकर आहे, कपाशी आणि तूर. आधी पाट्या रंगवायचो. दुकानं, शाळा, निवडणुकीच्या भिंती. फ्लेक्स आले आणि सहा महिन्यांत ब्रश वाळून गेले.

दिवाळी अंकाचा फोन आषाढी झाली की येतो. ‘दादा, दोन-तीन मजेशीर पाठवा, अर्धं-अर्धं पान रिकामं राहून राहिलं.’ म्हणजे आम्ही पान भरणारे. इकडे नेमकी डवरणी आणि निंदणाची घाई. दिवसा वावर, रात्री चित्र. पावसाळ्यात कागद ओल धरतो. टाकाचं निब त्यात अडकतं, शाई फुटते आणि म्हातारीच्या नाकाचं वांगं होतं. म्हणून मी कार्ट्रिज पेपर तुरीच्या डाळीच्या कोठीत ठेवतो. आमच्या घरच्या म्हणतात, ‘डाय कमी अन् कागदच जास्त निंगते.’ काढलेलं चित्र पूर्वी पुठ्ठ्यात घालून रजिस्टर पोस्टानं जायचं. आता तालुक्याला झेरॉक्सवाल्याकडे स्कॅन करतो, तेही वीज असली तर.

लोकांना वाटतं, चित्राला काय, दहा मिनिटं. दहा मिनिटं हात चालतो हे खरं. कल्पना मात्र तीन दिवस धुऱ्यावर बसून सुचलेली असते आणि पाच कल्पनांतल्या चार टाकूनच द्याव्या लागतात. चंद्रपुरात राहून मनोहर सप्रे यांनी व्यंगचित्रं काढली, ती पुण्या-मुंबईच्या जाणकारांनी डोक्यावर घेतली. त्यामुळे खेड्यातून हे काम होत नाही असं मला कोणी सांगू नये. होतं. फक्त पैसे पोचत नाहीत.

अर्कचित्राचं निराळं. उन्हाळ्यात लग्नाच्या रिसेप्शनला बोलावतात, यवतमाळ, अमरावती, कधी अकोला. एका संध्याकाळी तीसेक चेहरे, माणशी सात मिनिटं. मोहाचा अर्क काढतात तसंच आहे हे. भट्टी लावायची, पाणी-चोथा मागे राहू द्यायचा, वाफेतून येईल तो अर्क तेवढा उतरवायचा. मी आधी नाक पाहत नाही, दोन भुवयांमधलं अंतर पाहतो. ते साधलं की बाकी चेहरा आपोआप येतो. एकदा नवरीच्या मामांचे ओठ मी जरा पुढे काढले. मामा म्हणाले, ‘अबे, मी असा दिसतो काय?’ मागून मामी म्हणाल्या, ‘अस्सेच दिसता!’ सगळा मांडव हसला, मामा सोडून. निघताना तेच चित्र त्यांनी गुपचूप गुंडाळी करून नेलं. या कामाचे पैसे त्याच रात्री हातात पडतात म्हणून घर चालतं. आता मोबाइलच फोटोवरून चित्र करून देतो आणि बोलावणी कमी झाली आहेत. त्यावर माझी तक्रार नाही. फ्लेक्सशी भांडलो नाही, मोबाइलशी काय भांडणार?

तक्रार आहे ती सहीची.

कोपऱ्यातली सही कापली जाते हे मला फार पूर्वी कळलं. मग मी ती चित्राच्या आतच बसवू लागलो. सायकलच्या मडगार्डवर, लुगड्याच्या काठात, बैलाच्या झुलीवर. दोन वर्षांपूर्वी एका अंकाला पोळ्याचं चित्र दिलं. तोरणाखाली झूल पांघरलेला, शिंगांच्या जागी फुगे बांधलेला ट्रॅक्टर उभा आणि मागे रांगेत ताटकळलेला बैल. झुलीवर नक्षीसारखी माझी सही. अंक आला, तर झूल कोरी! कोणीतरी कॉम्प्युटरवर बसून नक्षी पुसली होती. आरसे ठेवले, गोंडे ठेवले, तेवढं नाव काढलं. पुढच्या पोळ्याला तेच चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत माझ्याच साळ्याकडून मला आलं. खाली लिहिलेलं, ‘भाऊजी, पाहा कोणी काढलं, एक नंबर!’

त्या चित्राचे तीनशे रुपये ठरले होते. होळीपर्यंत वाट पाहिली, मग फोन केला. उत्तर आलं, ‘अंक पाठवला ना तुम्हाला?’

भाचा वकिली करतो. त्यानं समजावलं की १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५७व्या कलमानुसार चित्राचे हक्क विकले तरी ते आपण काढलं हे सांगण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो. आणि हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी द्यावे लागतात. मी बावीस वर्षांत एकही कागद सही केलेला नाही. पण तीनशे रुपयांसाठी नोटीस धाडायची तर नोटिशीचाच खर्च जास्त.

आमच्याकडे पोळ्याला तोरणाखाली झडत्या, म्हणजे टोमणे मारणारी यमकं, म्हणतात. सरपंचापासून सावकारापर्यंत कोणाला सोडत नाहीत आणि कोणी रागवतही नाही. झडती कोणी जुळवली हे साऱ्या गावाला ठाऊक असतं, लोक त्याची पाठ थोपटतात. दिवाळी अंकवाल्यांकडून मला तेवढंच हवं आहे. फोन करतानाच मानधनाचा आकडा सांगा, तो कमी असला तरी चालेल. आणि नाव चित्राखाली छापा, म्हणजे मला ते झुलीत लपवावं लागणार नाही.

एक विनंती. या पत्राखाली माझं नाव छापू नये. त्या अंकाचा फोन यंदाही येईल, आणि कपाशीचं काही खरं नाही.

आपला,
एक हास्यचित्रकार
ता. दारव्हा, जि. यवतमाळ