दुसऱ्याच्या तिकिटावर केलेला प्रवास : मुलीस पत्र

धरणगाव, जि. जळगाव

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) तू घरी होतीस तेव्हा मैत्रिणीच्या तिकिटावर येताना टीसीने तुला गाडीत पकडल्याचा प्रकार फक्त आईला सांगितलास आणि तू पुण्याला पोहोचल्यावर तिने तो माझ्या कानावर घातला. तिच्यावर रागावू नकोस. काल फोनवर तू मला विचारलेस, "अण्णा, बर्थचे पैसे रेल्वेला मिळालेले होते, बर्थवर एकच माणूस झोपले, मग मी कोणाचे काय चोरले?" प्रश्न तू मनापासून विचारलास, म्हणून त्याचे उत्तर घाईने फोनवर न देता लिहून पाठवत आहे. त्यासाठी शेजारच्या वकीलसाहेबांकडून १९८९ चा रेल्वे अधिनियम मागून आणला आणि तुझ्याशी संबंध येतो ती कलमे नीट वाचली.

आधी तुझ्या प्रश्नाचे उत्तर देतो. तुझे स्वतःचे तिकीट वेटिंगलाच राहिले, चार्ट लागल्यावर ते आपोआप रद्द झाले आणि त्याचे पैसे खात्यात परत आले. मैत्रिणीचे जाणे रद्द झाले होते, त्यामुळे तिने तिचे निश्चित झालेले तिकीट वेळेवर रद्द करायला हवे होते. तसे झाले असते तर तो बर्थ आरएसी (एका बर्थवर दोघांनी बसून जायचे तिकीट) किंवा वेटिंगच्या यादीत ज्याचा क्रम पहिला होता त्याला मिळाला असता. कदाचित तो एखादा म्हातारा असेल, कदाचित लेकराला घेऊन माहेरी निघालेली बाई असेल. तुला त्या माणसाचे तोंड दिसले नाही, एवढ्याने त्याचा हक्क नाहीसा होत नाही. रेल्वेचे पैसे बुडाले नाहीत हे तुझे म्हणणे खरे आहे, परंतु रांगेत तुझ्यापुढे उभ्या असलेल्या माणसाची जागा तू घेतलीस, हेही तितकेच खरे आहे.

आरक्षित तिकीट दुसऱ्याला प्रवासासाठी देता येत नाही, हा नियम तुला जाचक वाटतो. पण हा नियम नसता तर काय झाले असते, याचा विचार कर. आखाजीला पुणे, मुंबई आणि सुरतेहून खानदेशात येणाऱ्या गाड्यांना किती गर्दी असते, हे तू लहानपणापासून पाहत आली आहेस. सासुरवाशिणी माहेरी येतात, कामाला गेलेली माणसे गावाकडे वळतात. तिकीट कोणाच्याही हाती देता आले असते, तर दलालांनी आरक्षण सुरू होताच खोट्या नावांनी सगळे बर्थ अडवले असते आणि आखाजीच्या आदल्या दिवशी तेच बर्थ दुप्पट-तिप्पट भावाने आपल्यासारख्यांना विकले असते. म्हणूनच तिकिटांचा असा अनधिकृत धंदा करणाऱ्याला कलम १४३ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी कडक शिक्षा ठेवलेली आहे. तुम्हा दोघींत नफ्याचा व्यवहार नव्हता, हे मी जाणतो. मात्र टीसीसमोर जी मुलगी दुसरीच्या नावाचे तिकीट घेऊन उभी असते, तिने ते मैत्रिणीकडून घेतले की दलालाकडून, हे त्याला चेहऱ्यावरून कसे कळावे?

कलम १४२ मध्ये देणारा आणि घेणारा हे दोघेही येतात, याकडे विशेष लक्ष दे. आरक्षित तिकीट दुसऱ्याला प्रवासासाठी देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. घेणाऱ्यालाही शिक्षा आहे, तिकीट जप्त होते आणि त्यावर प्रवास करणारा विनातिकीट धरला जातो. मैत्रिणीने तुझ्यावर उपकार करायचा म्हणून तिकीट दिले आणि त्या उपकारापायी तीही कायद्याच्या कचाट्यात सापडली असती. हे तिला तू स्वतः सांगायला हवे, कारण तिलाही याची कल्पना नसावी.

आता ज्या गोष्टीने मला खरोखर वाईट वाटले, तिच्याकडे येतो. दौंड सोडल्यावर टीसीने नाव विचारले तेव्हा तू मैत्रिणीचे नाव सांगितलेस, ओळखपत्र मागितले तेव्हा ते घरी राहिल्याचे सांगितलेस, आणि मग मोबाइलमधला तिच्या कार्डाचा फोटो पुढे केलास. त्याने तो फोटो आणि तुझा चेहरा ताडून पाहिला, तेव्हा कुठे तुझ्या तोंडून खरे निघाले. रात्रीच्या वेळी कुठल्यातरी आडस्थानकावर आपल्याला उतरवून देतील, या भीतीने मी खोटे बोलले, असे तू आईला सांगितलेस. बेटा, ती भीती मी समजू शकतो, पण तिला कायद्यात आधार नव्हता. भाडे आणि जादा आकार द्यायला नकार देणाऱ्या प्रवाशाला गाडीतून उतरवता येते, हे खरे. तरीही सोबत पुरुष प्रवासी नसलेल्या स्त्रीला तिने प्रवास सुरू केला ते स्थानक, जंक्शन, शेवटचे स्थानक किंवा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण एवढ्याच जागी, आणि तेही फक्त दिवसाउजेडी उतरवता येते, असे कलम १३९ स्पष्ट सांगते. कजगाव किंवा म्हसावदसारख्या लहान स्थानकाच्या फलाटावर रात्रीच्या वेळी तुला कोणीही उतरवू शकले नसते. हे कलम प्रत्येक मुलीला ठाऊक असायला हवे, असे मला वाचताना फार वाटले.

आणि खोटे बोलून तू स्वतःला केवढ्या मोठ्या संकटाच्या तोंडाशी नेलेस, तेही पाहा. योग्य तिकीट नसणे आणि फसवण्याच्या हेतूने तसा प्रवास करणे या दोन गोष्टी कायदा वेगळ्या मानतो. पहिलीसाठी कलम १३८ आहे; त्यात झालेल्या अंतराचे भाडे आणि त्याशिवाय भाड्याइतका किंवा अडीचशे रुपये, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तेवढा जादा आकार भरावा लागतो. तू कुठून बसलीस याचाच संशय असता, तर गाडी जिथून सुटली तिथपासूनचे भाडे लावता आले असते, आणि तुझी गाडी, महाराष्ट्र एक्सप्रेस, तर कोल्हापूरहून सुटते. रक्कम भरली नाही, तर प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जाते. दुसऱ्या गोष्टीसाठी कलम १३७ आहे आणि तिथे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. दुसऱ्याचे नाव सांगून दुसऱ्याचे ओळखपत्र दाखवणे याला फसवण्याचा हेतू म्हणू नये, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? त्या टीसीने तुझे वय पाहून पहिल्याच कलमावर भागवले, हा त्याचा चांगुलपणा झाला. तेव्हा त्याच्याविरुद्ध तक्रार करण्याचा जो विचार तुम्ही मैत्रिणी करीत आहात, तो कृपा करून सोडून द्या. माझ्या ओळखीचे कोणी भुसावळच्या रेल्वे कार्यालयात आहे का, असेही तू विचारलेस. ओळखी आहेत, पण या कामासाठी मी त्यांच्यापुढे शब्द टाकणार नाही.

एक गोष्ट मात्र तू चांगली केलीस आणि ती मोकळ्या मनाने सांगतो. समोरच्या बर्थवरचे गृहस्थ "शंभर-दोनशे हातावर ठेव आणि मिटव" असे सुचवत असताना तू पूर्ण रक्कम भरलीस आणि पावती घेतलीस. घाबरलेल्या अवस्थेत एवढे भान राखणे सोपे नसते. ती पावती फाडू नकोस, टाकू नकोस.

मैत्रिणीचे दुसरे म्हणणे आईने मला सांगितले ते असे, की आपण प्रवासच केला नाही असे दाखवून ती तिकिटाच्या परताव्यासाठी ऑनलाइन दावा करणार आहे. तिला आजच थांबव. गाडी सुटल्यानंतर निश्चित तिकिटाचा परतावा एरवीही मिळत नाही, आणि त्या बर्थवर कोण सापडले याची नोंद टीसीकडे झालेली असताना असा दावा करणे म्हणजे मिटलेले प्रकरण स्वतःच्या हाताने पुन्हा उघडणे होय. तिच्या तिकिटाचे पैसे तू तिला दे. ते तुझ्या महिन्याच्या खर्चातून जातील आणि त्यासाठी मी वेगळे पैसे पाठवणार नाही. आईने गुपचूप पाठवले तर तेही घेऊ नकोस.

पुन्हा अशी वेळ आली तर मार्ग आहेत. आईवडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी आणि पती-पत्नी यांच्या नावावर निश्चित तिकीट बदलून घेता येते, पण गाडी सुटण्याच्या २४ तास आधी आरक्षण कार्यालयात लेखी अर्ज द्यावा लागतो. मैत्रीण त्यात बसत नाही. तत्काळ आहे, जनरलचा डबा आहे, एसटी आहे. आणि काहीच जमले नाही व गाडी गाठणे भागच असेल, तर चढण्याआधी स्वतः जाऊन रेल्वे कर्मचाऱ्याला खरी परिस्थिती सांग. त्याने परवानगी देऊन तसा दाखला दिला, तर कायद्याप्रमाणे नुसते भाडे भरावे लागते, जादा आकार लागत नाही. पकडले जाण्याआधी सांगणारा आणि पकडल्यावर सांगणारा यांत कायदासुद्धा एवढा फरक करतो.

दिवाळीचे आरक्षण आता ६० दिवस आधीच सुरू होते, पूर्वीसारखे १२० दिवस मिळत नाहीत. तुझ्या परीक्षेची शेवटची तारीख कळली की लगेच कळव, म्हणजे जळगावपर्यंतचे तिकीट तुझ्याच नावाने वेळेवर काढता येईल. मैत्रिणीशी बोलणे झाले की मला फोन कर.

तुझे,
अण्णा