एका आडव्या रेषेबद्दल आभार

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

ओळख ना पाळख, तरी माझ्या ईमेलला तुम्ही सविस्तर उत्तर दिलंत. त्या उत्तरावर प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण उभं राहिलं, म्हणून हे पत्र.

व्हॅन ॲलन प्रोब्स ही उपग्रहांची जोडी 2012 मध्ये अवकाशात गेली आणि 2019 मध्ये तिचं काम थांबलं. डेटा मात्र अजून पुरून उरतोय. पृथ्वीभोवतीच्या प्रारण-पट्ट्यांत जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन चुंबकीय वादळात कधी कधी काही तासांत नाहीसे होतात. त्यांना वातावरणात लोटण्यात ईएमआयसी लहरींचा (आयनांच्या घिरट्यांशी निगडित मंद विद्युतचुंबकीय लहरींचा) हात असतो. मी त्याच शोधत होते. या लहरी साधारण एका हर्ट्झच्या आसपासच्या, काही त्याहून बऱ्याच मंद. पंचाईत अशी, की यान स्वतःभोवती सुमारे 11 सेकंदांत एक गिरकी घेतं आणि तिच्या खुणा स्पेक्ट्रोग्रामवर (कोणत्या वेळी कोणती वारंवारता होती ते दाखवणाऱ्या आलेखावर) नेमक्या या मंद लहरींच्या शेजारी उमटतात. या दोन्ही वेगळ्या कशा ओळखायच्या, हेच मी ईमेलमध्ये विचारलं होतं.

‘तेवढा भाग गाळा’ एवढं लिहूनही तुम्हाला मोकळं होता आलं असतं. बहुतेकांनी तेच केलं असतं. तुम्ही मात्र मॅग्नेटोमीटरच्या, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या उपकरणाच्या, आत काय घडतं तिथपासून सुरुवात केलीत. उपकरणाचं शून्य जरा सरकलं, की गिरकीच्याच वारंवारतेची रेषा येते. दोन अक्षांची संवेदनशीलता जुळली नाही, तर तिच्या दुपटीची. यान पृथ्वीपासून दूर जातं तसं चुंबकीय क्षेत्र क्षीण होतं, त्यात घिरट्या घालणाऱ्या आयनांची वारंवारता उतरते आणि खरी लहर सहसा त्यांच्यामागोमाग खाली येते. गिरकीची रेषा आपली आडवीच्या आडवी! शिवाय दुसऱ्या यानाची नोंद आणि लहरीचं ध्रुवण (तिचं कंपन कोणत्या दिशेने, कसं फिरतं ते) पाहिल्याशिवाय कशालाही लहर म्हणू नका, अशी तंबीही होती. (ती आमच्या गाईडना फार आवडली.)

शोधनिबंधावर नाव विश्लेषण करणाऱ्याचं ठळक येतं. उपकरणाचं कॅलिब्रेशन करत वर्षं घालवलेली माणसं नावांच्या लांबलचक यादीत कुठेतरी सापडतात. मला हे पटत नाही.

म्हणून एक विनंती. तुमचं ते उत्तर प्रबंधाला परिशिष्ट म्हणून जोडायचं आहे, तुमच्या नावानिशी. व्याकरण मी तपासलंय, आकृत्या नव्याने काढल्यात. फक्त तुमचा होकार हवा आहे.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी