माहेबूरच्या मावशींना

मावशी, सा. न. वि. वि.

फोनवर मी तुमचे आभार मानले खरे, पण सासूबाईंबद्दल जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून हे पत्र.

मॉरिशसला निघाल्यापासून आई अवघडलेल्याच होत्या. गुडघे दुखतात, बाहेरचं चालत नाही. सगळ्यांना आपल्यासाठी थांबावं लागतं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. हॉटेलांत त्या दही-भातावर किंवा घरून आणलेल्या दशम्यांवर भागवायच्या. आम्ही ‘काय हवं’ म्हणून विचारत राहायचो आणि त्या ‘काही नको’ म्हणायच्या.

माहेबूर गावात तुमच्याकडे उतरलो तो तिथला सोमवारचा बाजार तोंडावर होता. आईंचा सोमवार असतो हे आम्ही सांगण्याआधीच तुम्ही ओळखलंत. आम्ही मोठ्या माणसांनी पैसे काढले, पण तुम्ही पिशवी आईंच्या हातात दिलीत आणि म्हणालात, ‘दीदी, आज भाजी तुम्ही निवडायची.’

त्यानंतर आई त्या बाजारात ज्या फिरल्या! दोडका नखाने टोचून पाहिला, भेंडीचं टोक मोडून पाहिलं. ब्रेद मुरुमच्या जुड्या दिसल्या तशा ‘अगं, हा तर शेवग्याचा पाला!’ म्हणून मला हाक मारली. ब्रेद सोंज म्हणजे अळू, हे त्यांना देठ बघूनच कळलं. विकणारी बाई क्रिओलमध्ये, म्हणजे तिथल्या बोलीत, बोलत होती, आई मालवणीत. मध्ये तुम्ही होतात, पण तुमची फारशी गरज पडली नाही. मुलांना तुम्ही ढोलपुरी घेऊन दिलीत. हरभऱ्याच्या डाळीचं सारण भरलेली ती मऊ पोळी, आत पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी, टोमॅटोची रुगाय, म्हणजे मसालेदार रस्सा, आणि हिरवी मिरची. जोडीनेच घ्यायची असते म्हणालात; धाकट्याने दोन जोड्या संपवल्या. मिठा-मिरचीतला तो छोटा गोड अननस माझ्या अजून जिभेवर आहे.

पण मला आभार मानायचे आहेत ते संध्याकाळचे. तुम्ही आईंना आपल्या ओट्यापाशी उभं केलंत. कुठलीही बाई आपलं स्वयंपाकघर परक्या बाईच्या हाती सहज देत नाही. आईंनी अळूचं फदफदं केलं: कोकम नव्हतं म्हणून तुमची चिंच आणि गुळाऐवजी तुमच्याकडची तपकिरी साखर घालून. तुम्ही शेजारी शेवग्याच्या पाल्याचं बुयों, म्हणजे पातळ सार, केलंत, त्यांच्यासाठी लसणाशिवाय, आणि चिंच-पुदिना घालून भाजक्या खोबऱ्याची चटणी वाटलीत. सोमवार सोडायला आई बसल्या आणि त्यांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. सबंध प्रवासात तेव्हा पहिल्यांदाच.

जेवताना तुम्ही सांगितलंत की तुमच्या पणजोबांचे वडील रत्नागिरीकडून जहाजाने आले. दुसऱ्या दिवशी तुमच्या सांगण्यावरून आम्ही पोर्ट लुईला आप्रवासी घाट पाहिला. 1834 पासून उसाच्या मळ्यांसाठी आणलेले मजूर त्याच बंदरात उतरले, जवळजवळ पाच लाख. घाटाच्या सोळा पायऱ्यांसमोर आई बराच वेळ उभ्या होत्या. त्या दिवशी गुडघ्याचं नावही त्यांनी काढलं नाही. 2006 पासून ते जागतिक वारसास्थळ आहे, हे मी फलकावर वाचलं. त्या पायऱ्या कोणी चढल्या असतील, हे मात्र तुमच्या घरी जेवल्यामुळे कळलं.

आई आता येईल-जाईल त्याला तुमच्या चटणीची कृती सांगतात. पुढच्या प्रवासाला आपणहून तयार आहेत. हे तुमच्यामुळे झालं, मावशी, आणि त्याबद्दल मी मनापासून तुमची ऋणी आहे.

गणपतीला तुमच्याकडे सुट्टी असते म्हणालात. आईंनी मुद्दाम विचारायला सांगितलंय: ऋषिपंचमीची भाजी तुम्ही करता का, आणि करत असाल तर त्यात अळूबरोबर काय काय घालता? सविस्तर कळवा. मुलांचा तुम्हाला नमस्कार.

तुमची,
मुंबईची सूनबाई